उंबऱ्यातला दगड

सारोली मागे पडली आणि रस्त्याकडेला एका बाभळीची जरा सावली लागली, तशा रंभाबाई धुळीतच खाली टेकल्या. उधन्याहून दोघी पहाटे निघालेल्या, अनवाणी. कडोदऱ्याचा मारुती अजून दोन कोसांवर होता. उत्तरायण, म्हणजे संक्रांत, नुकतीच होऊन गेलेली. बाभळीच्या काट्यांना पतंगांच्या चिंध्या लटकत होत्या आणि शेजारून कोऱ्या कापडाचे तागे भरलेले टेम्पो धुरळा उडवत जात होते. छायाला वाटलं, मावशींच्या टाचेत काटा गेला असेल.

पण रंभाबाईंनी पायाकडे बघितलंसुद्धा नाही. पिशवीतून आधी रुईच्या पानांची माळ काढून मांडीवर ठेवली. मग तेलाची बाटली. मग बाटली कलंडू नये म्हणून शेजारी खोचलेली एक चिंधीची गुंडाळी. ती त्या सावकाश उलगडायला लागल्या आणि आतून आधी काळी मूठ दिसली, मग पातं.

छाया एक पाऊल मागे सरली.

"अहो मावशी! वस्तरा?"

"हळू बोला ना ताई, टेम्पोवाले बघतात."

"बघू देत! मारुतीच्या वाटेवर ही वस्तू घेऊन निघालात? हजामतीची? काकांना कळलं तर ते ओरडतील, देव ओरडेल तो वेगळाच. कुणाकुणाचं ऐकून घेणार आहात?"

"देवाचं मी बघते," रंभाबाई म्हणाल्या. "तुमच्या काकांना ठाऊक नाही. त्यांना वाटतं, हाही भंगारात गेला. चार होते. तीन गेले. हा मी बाजरीच्या डब्यात पुरून ठेवला होता. मारुतीच्या पायाशी ठेवून मोकळं व्हायचं, असं ठरवलंय. लोखंड आहे, शनिवार आहे, त्याला चालेल."

"आजच कसं सुचलं?"

रंभाबाईंनी पात्यावरची धूळ पदरानं पुसली. मग म्हणाल्या, "आज कुठलं. दर शनिवारी आणते."

छायानं हिशेब केला. आज त्यांचा नववा शनिवार होता. म्हणजे आठ शनिवार हे हत्यार तिच्या शेजारून चालत होतं, तेलाच्या बाटलीला टेकून, आणि तिला पत्ता नाही!

"आठ वेळा नेलात, मग ठेवला का नाहीत?"

"नेते आणि परत आणते. हात सुटत नाही, काय करू माय." रंभाबाई उठल्या. "चला. आज सोडणार. आज सोडला नाही तर माझ्या जिवाला काही ठिकाण नाही."

रंभाबाई म्हणजे पोपटकाकांची बायको. पोपटकाका उधन्यात एका मिलच्या फाटकासमोर कडुनिंबाखाली खुर्ची टाकून दाढी-कटिंग करायचे. बत्तीस वर्षं तीच खुर्ची, तोच आरसा, तोच निंब. धुळे-जळगावकडचा, नंदुरबारकडचा माणूस पाळी सुटली की आधी पोपटकाकांपुढे बसायचा आणि मग घरी जायचा. काकांच्या वस्तऱ्याचं नाव होतं. गालावरून पातं गेलं की नाही हे हात फिरवून बघितल्याशिवाय कळायचं नाही, असं लोक म्हणत.

छायाच्या घरी ते दर चौथ्या दिवशी येत, तिच्या वडिलांसाठी. आप्पांना अर्धांगवायू होऊन सहा वर्षं झाली होती. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मिलमध्ये मुकादम असलेला माणूस, कडक इस्त्रीचा सदरा आणि गुळगुळीत गाल यांशिवाय कधी दाराबाहेर पडला नव्हता. आता सदऱ्याचं काही राहिलं नव्हतं, पण दाढीचं राहिलं होतं. पोपटकाकांची पावलं वाजली की आप्पा डाव्या हातानं स्वतःचा गाल चाचपून बघत, आणि काका वस्तरा उघडत तेव्हा डोळे मिटून घेत. छाया देवपूजा आटोपून दारात उभी राहून हे बघायची. तिला ते बघणं आवडायचं. घरात तेवढा एक वेळ असा होता की आप्पा आजारी दिसत नसत.

ह्या दिवाळीनंतर आप्पांना छातीत कफ झाला, ताप डोक्यात गेला. छायानं नवस बोलला: बरे होऊ देत, अकरा शनिवार कडोदऱ्याला चालत येईन. आप्पा उठले. नवऱ्याला, प्रदीपला, शनिवारची सुट्टी नव्हती आणि बाईमाणसानं एकटीनं कसं जायचं, म्हणून तिनं सोबत शोधली. रंभाबाई म्हणाल्या, "मी येते." का येतात ते त्यांनी सांगितलं नाही आणि छायानं विचारलं नाही. देवाला जाणाऱ्याला का म्हणून विचारू नये.

"एवढी वस्तू जपलीत," छाया चालता चालता म्हणाली, "ती सोडायची तरी कशाला? काकांच्या हाताची निशाणी आहे. अशी धार आता कुणाला जमते? त्यांच्या हाताला देवाची देणगीच होती बाई."

रंभाबाई हसल्या. हसल्या म्हणजे नाकातून एकदा वारा सोडला.

"त्यांच्या हाताला?"

"मग?"

त्यांनी अंबाड्यातून एक केस ओढला. पांढरा, लांब. चालता चालताच तो डाव्या हाताच्या चिमटीत लोंबता धरला, उजव्या हातानं वस्तरा उघडून पात्याला नुसता टेकवला. केसाचा खालचा तुकडा गळून पडला. ओढ नाही, झटका नाही. छायाला वाटलं, तो केस आधीच तुटलेला होता की काय.

"दसऱ्याला काकांनी वस्तरा हातातून ठेवला," रंभाबाई म्हणाल्या. "आज माघ आला. तेव्हापासून हा डब्यात आहे. मग ही धार कुणाची? बाजरीनं लावली?"

छाया थांबली. रस्त्यातच थांबली, मागून सायकलवाला शिव्या देत बाजूनं गेला.

"म्हणजे... तुम्ही?"

"बत्तीस वर्षं," रंभाबाई म्हणाल्या.

आप्पांच्या गालावरून सहा वर्षं जे पातं फिरलं, ज्याची छायानं दहा घरी तारीफ केली, दर दिवाळीला काकांना धोतरजोडी देऊन ज्याचे आभार मानले, ते ह्या बाईच्या हातचं होतं? आणि ही बाई दिवाळीला काकांच्या मागे पदर सावरून उभी राहायची, तिच्या हातावर छायानं काय ठेवलं होतं? एक वाटी चिवडा.

"काका तर सांगायचे, आपला हात आहे तसा..."

"सांगू देत. हात त्यांचाही आहे. गाल ताणून धरायचा, केसाची दिशा बघायची, नाकाखाली वळवायचं, ते त्यांचं. पण धार त्यांना कधी जमली नाही. जोर लावतात ना! दगडावर जोर लावला की धार गोल होते. मग पातं केस कापत नाही, ओढतं."

आणि मग रंभाबाई बोलत सुटल्या. एवढं बोलताना छायानं त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

त्यांचे वडील किसन, पांझरेकाठच्या एका खेड्यात घरोघर फिरून दाढ्या करायचे. मुलगा नाही, रंभा एकटीच. वस्तरे परजायला कुणी हवं म्हणून सहा-सात वर्षांच्या पोरीला त्यांनी दगडापुढे बसवलं. पण एक ताकीद दिली: धार लाव, गालाला लावायची नाही. लग्नात त्यांनी भांड्यांच्या टोपलीत तो दगड घालून दिला. काळा, वीतभर लांब, तीन बोटं जाड. सासूबाईंनी टोपली उघडली आणि पाहुण्यांसमोर हसल्या, "अवं माय, पाटा दिला पण वरवंटा ठेवूनच घेतला वाटतं येहीसनी!"

"मग?"

"मग काय. उधन्याला आलो. पंधरा दिवसांत मिलमधल्या एका जॉबरच्या हनुवटीला काप गेला. त्यानं यांना भर रस्त्यात थोबाडीत मारली. घरी आले, जेवले नाहीत, धोकटी कोपऱ्यात फेकली आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. मी पहाटे उठले, धोकटी उघडली. वस्तरे असे, कांदा चिरायच्या लायकीचे नव्हते. दगड रात्रीच पाण्यात घातला होता. बसले."

"एका दिवसात झालं?"

"छे! तीन पहाटा गेल्या. पात्याला दाते पडलेले. आधी खरबरीत दगडावर दाते घालवायचे. मग आपल्या दगडावर. पाठ आणि धार दोन्ही टेकलेली पाहिजे, पातं असं आडवं, झोपलेलं. धारेकडून पुढे न्यायचं, टोकाला वळवायचं तेव्हा पाठीवर फिरवायचं. धारेवर फिरवलं की संपलं, पहिल्यापासून. ह्या बाजूनं जेवढे, त्या बाजूनं तेवढेच. मी मोजत नाही. इकडे राम म्हणते, तिकडे राम म्हणते. माळ संपली की बघते. आधी खर्रखर्र आवाज येतो, मग तो बारीक होत जातो, मग नुसता सुई कापडातून गेल्यासारखा. तो आवाज आला की पाणी बदलायचं आणि पुन्हा पहिल्यापासून, पण आता हाताचा भारसुद्धा द्यायचा नाही. हात पात्यावर असतो, पण नसतो. मग अंगठ्याचं नख ओलं करून त्याच्यावरून ओढायचं. कुठं अडलं तर तिथं अजून दाता आहे. नाही अडलं तर चामड्याचा पट्टा. मग तळहात."

"तळहात?"

रंभाबाईंनी डावा तळहात पुढे केला. छायानं तो इतक्या वर्षांत कधी बघितला नव्हता, बघायचं काय कारण? मधोमध कातडी पिवळट, चकचकीत, रेषा म्हणून एक उरली नव्हती. जणू त्या हातावर सटवाईनं काही लिहिलंच नव्हतं.

"एकदा एक जोशीबुवा आला होता दारावर," रंभाबाई म्हणाल्या. "हात बघितला आणि पैसे न घेता पळाला."

छाया हसली.

"आणि काका? त्यांनी काही विचारलं नाही?"

"तिसऱ्या दिवशी धोकटी उचलून गेले. संध्याकाळी आले. जेवताना दोनदा भाकर मागून घेतली. झोपायला जाता जाता वस्तरे काढून दगडाजवळ ठेवले. बस. तेव्हापासून रोज रात्री ठेवायचे, रोज पहाटे मी करायची. बत्तीस वर्षांत त्यावर एक शब्द झाला नाही. ते म्हणाले नाहीत, मी म्हणाले नाही. दसऱ्याला वस्तऱ्यांची पूजा करायचे तेव्हा दगडालाही फूल घालायचे. मला तेवढं पुष्कळ होतं."

नियोल गाव आलं. पाणपोईवर दोघी पाणी प्यायल्या. छाया अजून त्या तळहातात अडकली होती. ती म्हणाली, "मावशी, मला तो दगड एकदा दाखवा ना. घरी गेल्यावर."

रंभाबाईंनी पेला खाली ठेवला. तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "बघितलाय तुम्ही. उभ्या राहिलात त्याच्यावर."

छायाला कळायला क्षणभर लागला.

दसऱ्याला पोपटकाकांच्या नव्या दुकानाचा मुहूर्त झाला होता. मुलगा नरेंद्र हिऱ्याच्या कारखान्यात घंटीवर हिरे घासतो, त्यानं पुढाकार घेतला. गावात प्लेग येऊन गेल्यापासून म्युनिसिपालटीची माणसं रस्त्यावरच्यांना बसू देईनात, आणि भिंतीभिंतींवर एड्सची चित्रं लागली होती. गिऱ्हाईक खुर्चीत बसायच्या आधीच सांगायचं, "नवी ब्लेड नाखजो, भाई." मग एक गाळा घेतला, दोन फिरत्या खुर्च्या आल्या, अर्धी ब्लेड बसते तसले चिमटे आले. सगळी आळी गेली होती. छायाही गेली होती. पाऊस पडून गेलेला, रस्त्यात चिखल. दुकानाच्या पायरीवर एक काळा, तुळतुळीत पट्टा होता. त्यावर उभं राहून तिनं आधी एक चप्पल घासली होती, मग दुसरी. आणि वर म्हणालीही होती, "काय छान उंबरा बसवलाय हो!"

"अगं आई गं," ती म्हणाली आणि स्वतःच्या पायांकडे बघू लागली. जिच्या हातचं सगळ्या उधन्यानं तोंडावर मिरवलं, तिच्या दगडाला आपण चिखल पुसला! "कुणी बसवला तो तिथं? नरेंद्रनं? त्या पोराला काही..."

"नाही, नाही. यांनीच." रंभाबाईंनी घाईनं हात केला. "आणि वाईट मनानं नाही, ताई, ते आधी ऐका. गवंडी म्हणाला, उंबऱ्याला वीतभर कमी पडतंय. हे घरी आले, दगड उचलला, फडक्यात गुंडाळून घेऊन गेले. संध्याकाळी येऊन मला काय म्हणतात? 'तुन्हा दगड उंबरामा बसाडा. आते रोज हळदकुंकू वाह्य. लक्ष्मी शे ती आपली.' पहिल्यांदा! बत्तीस वर्षांत पहिल्यांदा तोंडातून निघालं, तुझा दगड म्हणून. मी काय बोलणार? ते खुशीत होते. त्यांच्या हिशेबी त्यांनी मला देव्हाऱ्यात बसवलं होतं."

"पण लोक पाय देतात ना त्याच्यावर!"

"देतात. मी सकाळी पुसते, हळदकुंकू वाहते, नमस्कार करते. आणि मी पाठ फिरवली की पहिलं गिऱ्हाईक पाय देतं. तीन बोटं जाडीचा दगड, एक बोट उरला होता. दोन बोटं मी झिजवली. उरलेलं आता गिऱ्हाईकं झिजवतात."

त्या हे रागानं बोलल्या असत्या तर छायाला बरं वाटलं असतं. त्या हवापाण्याचं बोलावं तसं बोलल्या.

दोघी पुढे निघाल्या. छायाच्या मनात एकसारखं चाललं होतं. तिला आप्पांची आठवण येत होती. दसऱ्यानंतर पोपटकाका ब्लेडचा चिमटा घेऊन आले होते, दुकानात गर्दी म्हणून घाईत. आप्पांच्या जबड्याजवळ कापलं. रक्त थोडंच आलं, पण आप्पांनी भिंतीकडे मान फिरवली ती फिरवलीच. तेव्हापासून तीन-साडेतीन महिने दाढीला हात लावू देत नव्हते. प्रदीपनं प्रयत्न केला, त्याच्या मनगटावर डाव्या हातानं फटका मारला. आता पांढरी दाढी छातीकडे निघाली होती. जेवण तिच्यात अडकायचं. छाया पुसायची तेव्हा आप्पा डोळे मिटून घ्यायचे, पण ते मिटणं वेगळं होतं.

तिनं हे रंभाबाईंना सांगितलं. कसे ते गाल चाचपायचे, कसे साबणाचा फेस लावताच त्यांचा श्वास हळू व्हायचा.

रंभाबाईंनी चाल मंद केली. "आणि मग? वस्तरा लावल्यावर?"

"लावल्यावर काय? दाढी व्हायची."

"तसं नाही. कसा चालायचा? कानाजवळून खाली येताना थांबायचा का? आवाज यायचा? खरवडल्यासारखा की नुसता?"

छाया गोंधळली. "असा... फेसातून वाट काढल्यासारखा. आवाज बारीक. पण मावशी, मला काय विचारता? तुम्हाला का ठाऊक नाही?"

"मी कुठं बघितलाय?"

छायाला वाटलं, चेष्टा चाललीय.

"अहो, रस्त्यारस्त्यावर दाढ्या होतात!"

"होतात. दुसऱ्यांचे वस्तरे, लांबून दिसतात. माझी धार गालावर चालताना मी एकदाही बघितली नाही." रंभाबाई समोर बघत चालत होत्या. "आमच्यात घरात हजामत करत नाहीत, केस अन्नात जातात. आणि यांच्या धंद्याच्या जागी बाईनं जायचं नाही. निंबाखाली एकदा डबा घेऊन गेले होते, लग्नाच्या पहिल्या वर्षी. यांनी सगळ्यांदेखत विचारलं, घर जळालं का? तेव्हापासून नाही गेले. यांची स्वतःची दाढी दुसरा करतो, बाहेरच. लोक सांगायचे, पोपटचा वस्तरा लोण्यातून जातो. मी भिंतीआडून ऐकायची. पण लोण्यातून म्हणजे कसा, ते मला ठाऊक नाही."

बत्तीस वर्षं रोज पहाट. आणि त्या धारेनं एक केस कापताना बघितला तो स्वतःच्या अंबाड्यातला! सुगरणीनं जन्मभर रांधावं आणि कुणाला जेवताना बघू नये, असं कुठं असतं का? आणि आता निंब नाही, वस्तरे नाहीत, दगड उंबऱ्यात. उरला होता तो एक, बाटलीला टेकून.

कडोदरा आलं. देवळात शनिवारची गर्दी. दोघींनी नळावर पाय धुतले. तेल घातलं, रुईची माळ दिली. छायानं हात जोडले आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत राहिली. रंभाबाईंनी गुंडाळी सोडली. वस्तरा दोन्ही तळहातांवर घेतला, मूर्तीसमोरच्या कठड्यापाशी वाकल्या. तिथं तेलाचा थर, शेंदूर, चुरगळलेली पानं, नारळाच्या शेंड्या. त्यांनी वस्तरा ठेवला. बोटं काढून घेतली. छायानं श्वास सोडला.

तेवढ्यात मागच्या एका बाईच्या बाटलीतून तेलाची धार आली आणि त्याच्या मुठीवर पडली. रंभाबाईंनी झडप घालून वस्तरा उचलला. अशी झडप, की ती बाई दचकून ओरडली, "अरे माजी, शुं करो छो!" रंभाबाई पदरात वस्तरा पुसत गर्दीतून बाहेर पडल्यासुद्धा. छाया माफी मागत मागे धावली.

देवळाबाहेर एका बंद दुकानाच्या ओट्यावर त्या बसल्या होत्या. वस्तरा मिटलेला, मांडीवर. चेहरा कोंबडी चोरताना सापडलेल्या माणसासारखा.

"नवव्या वेळी," त्या म्हणाल्या. "देव म्हणत असेल, ही बाई मला काय दाखवून दाखवून परत नेते?"

"राहू दे मावशी. त्याला नको असेल."

"त्याला कशाला हवा? त्याला दाढी आहे का?" त्या हसल्या. छायानं चहा सांगितला. चहा आला. रंभाबाईंनी बशीत ओतला आणि प्यायल्या नाहीत.

"ताई, एक विचारू? रागावू नका. आधी पूर्ण ऐका."

"विचारा ना."

"हा मी उकळत्या पाण्यात घालेन. दोनदा. तुमच्यासमोर. आणि ह्याच्यापुढे तो दुसऱ्या कुणाच्या गालाला लागणार नाही, मारुतीची शपथ."

छायाला अजून कळलं नव्हतं. मग कळलं, आणि तिनं बशी खाली ठेवली.

"तुम्ही? अहो, तुम्ही कधी..."

"केली नाही. पण हात कापत नाही माझा, बघा." त्यांनी हात पुढे केला. खरंच कापत नव्हता. "अन् कसा चालायचा, कसा आवाज यायचा ते आत्ताच तुम्ही सांगितलंत. जिथं मला नीट वाटलं नाही तिथं मी थांबेन. अर्धी झाली तर अर्धी."

छायाला काय काय दिसलं! बाई, आणि पुरुषाच्या गळ्यापाशी वस्तरा. आळीतल्या बायका दारात. पोपटकाका. किसनबुवांची ताकीद: गालाला लावायची नाही. आणि आप्पा, जे कुणा बाईच्या डोक्यावरचा पदर घसरला तरी घसा खाकरायचे. ते एका परक्या बाईला हात लावू देतील? मारतील फटका. की नाही मारणार? तिला त्यांचा डावा हात दिसला, गाल चाचपणारा.

"आज शनिवार," रंभाबाई म्हणाल्या. "आज वस्तरा चालत नाही. उद्या रविवार, हे दिवसभर दुकानात असतात. तुम्ही आप्पांना आधी विचारा. ते बोलत नाहीत, पण समजतं त्यांना सगळं. त्यांना सांगा, ज्या धारेनं तुम्ही डोळे मिटायचात, ती धार लावणारी बाई आली आहे. त्यांनी मान फिरवली तर मी दारातून परत जाईन, तुमच्या घरचा चहासुद्धा घेणार नाही. आणि नाही फिरवली..." वस्तरा दोन्ही हातांत घट्ट धरलेला होता. "नाही फिरवली तर ताई, मला एकदा बघू द्या. येऊ का उद्या?"